आंबेनळी घाट, ११० पीएसआय आणि १५० रुपयांची हवा

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला रोड बाइकने, म्हणजे पातळ टायरच्या सायकलने, उतरणार असाल तर टायरमध्ये ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुण्यातल्या एका दुकानात सर्व्हिसिंग झालं. तिथल्या पोराने २८ मिमी रुंदीच्या टायरांत पुढे-मागे सारखीच ११० हवा ठासली. ‘सर, टायर टणक असला की सायकल पळते,’ हे वर. का, तर टायरच्या कडेला ११५ छापलंय! अहो, ती कमाल मर्यादा आहे. तेवढी भरा असं तिथे कुणी म्हटलेलं नाही.

सुरूर फाट्यापर्यंत हायवे गुळगुळीत, त्यामुळे काही कळलं नाही. वाई, पसरणी घाट, पाचगणी झकास. त्यावर भरपूर लिहून झालंय.

महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत साधारण ४० किलोमीटर, बहुतेक उतार. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि छळ सुरू झाला. पावसाने खाल्लेलं डांबर, खडी टाकून बुजवलेले खड्डे, वळणावर नेमका मातीचा थर. टणक टायर खडीवर दबत नाही, उडतो. आणि हवेत असलेलं चाक ब्रेकही घेत नाही, वळणही. तळहातांना मुंग्या आल्या, पाण्याची बाटली सायकलवरच्या होल्डरमधून उडून दरीत गेली. शेवटी कठड्याशी थांबून हवा सोडली: मागे ७५, पुढे ७०. माझं वजन ७४ किलो, पाठीवर थोडं सामान. त्यानंतर चाक रस्त्याला धरून राहिलं आणि मी शिव्या द्यायचा थांबलो.

टणक टायर वेगवान हे सिमेंटच्या गुळगुळीत ट्रॅकवर खरं. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खडा सायकलसकट तुम्हाला उचलतो आणि पायांची ताकद अंग हादरवण्यात जाते. म्हणजे एका मर्यादेपुढे हवा वाढवली की हाडंही खिळखिळी होतात आणि वेगही घटतो.

ट्यूबवाल्या २८ मिमीला ६५ किलोच्या माणसाने मागे ६८च्या आसपास सुरुवात करावी, पुढे पाचेक कमी, कारण भार मागे जास्त. २५ मिमी असेल तर दहाएक वाढवा, ३२ला तेवढीच कमी करा. फार खाली मात्र जाऊ नका: खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हुकलेस रिमवाल्यांनी (टायर पकडून ठेवणारी आतली कड नसलेली रिम) ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही लक्ष्मणरेषा समजावी. तुमचं वजन जास्त असेल तर रुंद टायर घ्या.

थंडीत महाबळेश्वरला पहाटे भरलेली हवा कोकणातल्या दुपारी तेवढीच राहत नाही. तापमान वीसेक अंशांनी वाढलं की सहा-सात पीएसआय आपोआप चढतात. रिम ब्रेक, म्हणजे रिमवर घासणारे ब्रेक, असतील तर रिम तापून आणखी. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, अधूनमधून थांबून रिमला हात लावून बघा.

आता लुटीचं. पोलादपूरजवळ मागच्या टायरमध्ये तार घुसली. ट्यूब मीच बदलली, फक्त हवा हवी होती. हायवेवरच्या पंक्चरवाल्याने १५० रुपये घेतले! ‘ही विलायती नळी आहे, आपलं तोंड बसत नाही,’ म्हणाला (रोड बाइकच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह) आणि खिशातून पितळी अ‍ॅडॅप्टर काढला. पुण्यात तो चहा-वड्याच्या पैशांत मिळतो, सोबत ठेवाच. शिवाय त्याच्या मीटरवर ८०, माझ्या गेजवर ९२. कॉम्प्रेसरने पातळ टायर झटक्यात भरतो, तेव्हा थोडी थोडी भरायला लावा आणि आकडा स्वतःच्या गेजवर पाहा.

मिनी पंपाने ७५ गाठताना दंड भरून येतात, पण जमतं. पुढे कशेडीकडे मुंबई-गोवा हायवेवर ट्रक अंगावर येतात. घाई असेल तर पोलादपूरहून सायकल एसटीने न्या. वाहकाला आधी विचारून, आणि चढवण्यापूर्वी भाडं ठरवून.