एका कुटुंबाला एकच पास कशाला? आल्प्समधल्या हिवाळी प्रवासाचा हिशेब

स्वित्झर्लंडला जायचं ठरल्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा हॉटेलवर किंवा विमानावर झाली नाही, ती झाली रेल्वेच्या पासवर. २०२४चा नाताळ, २१ ते २८ डिसेंबर असे आठ दिवस. माणसं पाच: मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची माझी आई. ओळखीतले जे जे जाऊन आले होते, त्यांनी एकच सांगितलं, "सगळ्यांचा स्विस ट्रॅव्हल पास काढा आणि मोकळे व्हा." आम्ही तसं केलं नाही. त्यात आमचे बरेच पैसे वाचले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आकडे, आम्ही गेलो तेव्हाचे. दुसऱ्या वर्गाचा ट्रॅव्हल पास ४ दिवसांचा २९५ फ्रँक, ६ दिवसांचा ३७९, ८ दिवसांचा ४१९. हा सलग दिवसांचा. महिन्याभरात सुटे दिवस निवडायचे असतील तर फ्लेक्स पास मिळतो, तो महाग पडतो. ट्रॅव्हल पासात रेल्वे, बस, बोटी, शहरांतल्या ट्राम आणि ५००हून अधिक संग्रहालयं येतात. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड, तेव्हा १२० फ्रँकला होतं. ते महिनाभर चालतं आणि जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्या दरात मिळतं. फ्रँक तेव्हा ९५ रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे चूक झाली तर ती हजारांत जाणार होती. दर बदलत राहतात, निघण्याआधी ताजे आकडे घ्या. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

रीत अशी. ४१९मधून १२० वजा केले की २९९ उरतात. हाफ फेअरवर प्रत्येक तिकिटाचे निम्मे पैसे भरायचे असतात, म्हणजे आठ दिवसांत पूर्ण दराने ५९८ फ्रँकचा प्रवास होणार असेल तरच ट्रॅव्हल पास परवडतो. त्याहून कमी फिरणार असाल तर हाफ फेअर. ४ दिवसांसाठी हाच आकडा ३५० येतो. आम्ही जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाचा एकेक कागद ठेवला, तारखा घातल्या आणि स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर भाडी बघून समोर लिहीत गेलो. "काय काय बघायचं" हे न लिहिता "कोण कोणत्या गाडीत बसणार" एवढंच लिहायचं. घोळ तिथेच सुटतो.

कागद भरल्यावर लक्षात आलं, की आमच्या घरात दोन तऱ्हेचे प्रवासी आहेत. मुलगा रेल्वेवेडा, त्याला रोज नवी गाडी हवी आणि नवरा त्याला घेऊन फिरायला तयार. त्यांच्या यादीत एक दिवस माँट्रो, एक दिवस गोट्टहार्ड बोगद्यातून लुगानो. आई आणि मी मात्र एका ठिकाणी जाऊन निवांत बसणाऱ्या. नवऱ्याच्या कागदाची बेरीज सहाशेच्या वर गेली, आम्हा दोघींची प्रत्येकी चारशेच्याही आत, युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनाचं तिकीट सोडून. म्हणून नवऱ्याला आठ दिवसांचा ट्रॅव्हल पास आणि आम्हा दोघींना हाफ फेअर. ज्येष्ठ नागरिकांना ट्रॅव्हल पासात सवलत नाही, हेही तेव्हाच कळलं. आपल्याकडच्या सवयीने आम्ही ती गृहीत धरली होती. तरुणांना, म्हणजे २५ पूर्ण होईपर्यंत, ती आहे.

मुलांचं सोपं. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि सहा ते सोळापर्यंतच्या मुलांना पासासोबत फॅमिली कार्ड फुकट मिळतं, म्हणजे मुलांचा प्रवासही फुकट. ते आपोआप येत नाही, पास काढतानाच मागून घ्यायचं. हाफ फेअरसोबतही मिळतं. पण त्यातली अट नीट वाचा: मुलाबरोबर आई किंवा वडील असायलाच हवेत. लुझर्नला आजी नातवंडांना एकटीच वाहतूक संग्रहालयात घेऊन निघाली होती. नशिबाने तिने स्टेशनच्या खिडकीवर विचारलं. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं, की आजीबरोबर हे कार्ड चालणार नाही, दोघांची निम्मी तिकिटं काढा. न विचारता गाडीत बसली असती तर दंड झाला असता. बरीच मराठी कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन जातात, म्हणून हे ठळक सांगते.

आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. हाफ फेअर असलेल्यांना सेव्हर डे पास लवकर काढल्यास २९ फ्रँकपासून मिळतो. दिवसभर जवळजवळ कुठेही फिरा. झ्युरिक विमानतळ ते वेंगेन या लांबच्या पहिल्या प्रवासासाठी आईचा आणि माझा तो आधीच काढून ठेवला. मुंबईचं विमान रात्री एकनंतरचं. आम्ही घरातून निघणार २०ला, म्हणून डोक्यात २० तारीख पक्की बसली होती आणि पासही २०चाच निघाला. उतरलो २१ला पहाटे. पास एका दिवसाशी बांधलेला, परत होणारा नाही. विमानतळाखालच्या स्टेशनात दोघींची पुन्हा निम्म्या दराची तिकिटं काढली. आईला फार वाईट वाटलं, "माझ्यामुळे" म्हणत राहिली, आणि तिचा काहीच दोष नव्हता. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तारीख दोघांनी वेगवेगळी तपासा. आणि उतरायच्या दिवशी असा बांधील पास घेऊच नका, विमान किती लांबेल सांगता येत नाही.

पहिले चार मुक्काम वेंगेनला. गावात मोटारी नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी वर चढते. बर्फात चाकांच्या बॅगा ओढणं हे दिव्य आहे. चार लहान बॅगा दोन मोठ्यांपेक्षा बऱ्या, कारण गाडी बदलायला कधी कधी पाचच मिनिटं असतात. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, मऊ भाताचे तांदूळ असं बरंच नेलं होतं. स्वयंपाकघर असलेली जागा घेतल्याने जेवणाचा खर्च निम्म्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून म्यूरेनला गेलो. पासात लाउटरब्रुनेन ते म्यूरेन हा केबल कार आणि छोट्या गाडीचा प्रवास पूर्ण येतो. नवरा नुसता पास दाखवून पुढे, आम्ही दोघी निम्मं तिकीट काढून मागून. दिवसभर बर्फ पडत होता, समोरचं आयगर शिखर दिसलंच नाही. मुलांना त्याचं काही नव्हतं.

युंगफ्राउयोखचं तिकीट आधी काढू नका. हे सगळ्यात महागडं तिकीट आहे आणि ढग असतील तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. रोज सकाळी अ‍ॅपवर वरचा कॅमेरा बघत होतो. ज्या सकाळी आकाश निळं दिसलं, त्या सकाळी आई आणि मी निघालो. इथे हाफ फेअर खरं कामाला आलं: या कार्डावर निम्मं तिकीट पडतं, ट्रॅव्हल पासावर वेंगेनपासून वर फक्त २५ टक्के सवलत. नवरा वर आलाच नाही, तो मुलांना घेऊन ग्रिंडेलवाल्डला गेला. त्या दिवशी फॅमिली कार्ड त्याच्याबरोबर चाललं.

क्लाइन शायडेगला गाडी बदलली आणि डोंगराच्या पोटात शिरलो. आइसमेअर नावाच्या स्टेशनवर गाडी पाच मिनिटं थांबते. कड्यात खोदलेल्या खिडकीतून खाली हिमनदी दिसते, ३१६० मीटरवर. आईचा चष्मा धुक्याने भरला होता. तिने तो पदराने पुसला, घातला, पुन्हा पुसला, आणि काचेला हात लावून उभी राहिली. "हे सगळं बर्फच?" एवढंच विचारलं. मग गाडीची शिट्टी होईपर्यंत काही बोलली नाही. वर ३४५४ मीटरवर तिला थोडं गरगरलं, म्हणून पंधरा मिनिटं बाकावर बसवून गरम पाणी दिलं. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर घाई अजिबात नको, जिन्यांऐवजी लिफ्ट घ्या आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा.

नवरा आणि मुलं माँट्रोला गेली ती इंटरलाकेनहून गोल्डनपास एक्स्प्रेसने. या गाडीच्या चाकांमधलं अंतर झ्वाइझिमेनला रुळांच्या रुंदीप्रमाणे बदलतं. मुलाने त्याची चित्रं काढून आणली. तिथला शियाँचा किल्लाही पासात फुकट झाला.

लुझर्नला जाताना ब्र्युनिग खिंडीवरून जाणारी गाडी घ्या, इंटरलाकेनहून निघताना उजव्या बाजूला बसा. ब्रिएन्झचं तळं शेजारून जातं. माइरिंगेनला गाडीची दिशा उलटते, पण जागा बदलू नका, पुढचं तळंही त्याच बाजूला येतं.

हिवाळ्यात काय बंद असतं ते नक्की बघा. पिलाटस डोंगरावरची दातेरी रेल्वे, शिनिगे प्लाटे, ब्रिएन्झ रोटहॉर्न या उन्हाळ्यातल्या गाड्या. पिलाटसला क्रीन्सच्या बाजूने केबल कारने जाता येतं. २५ डिसेंबरला बरीच संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात, म्हणून आम्ही तो दिवस गाव बदलायला ठेवला आणि आदल्या दिवशी दूध, ब्रेड भरून घेतलं. मुक्कामाच्या ठिकाणी गेस्ट कार्ड मिळतं का तेही विचारा. लुझर्नमध्ये त्यावर शहरातल्या बस फुकट होत्या, आमची तिकिटं वाचली.

मला मनापासून सुचवायचाय तो रिगी डोंगर. लुझर्नहून बोटीने फिट्सनाउ, तिथून दातेरी रेल्वेने रिगी कुल्म, १७९८ मीटर. ही युरोपातली पहिली पर्वत रेल्वे, १८७१ची. ट्रॅव्हल पासात ती पूर्ण येते, हाफ फेअरवर निम्मं भाडं. लुझर्नमध्ये सकाळपासून दाट धुकं होतं, तळ्याचा काठही दिसत नव्हता, आणि आई म्हणत होती, आज नको जाऊया. गाडी अर्ध्या वाटेवर आली आणि एकदम उन्हात बाहेर पडली. खाली धुक्याचा समुद्र, वर काळेभोर डोंगर बेटांसारखे. हिवाळ्यात हे वारंवार होतं. खाली धुकं असेल तर कॅमेऱ्यावर वरचं आकाश बघा आणि निघा. मुलांनी भाड्याच्या घसरगाडीवर खालच्या क्ल्योस्टर्ली स्टेशनापर्यंतचा उतार दोनदा केला.

आई स्टेशनजवळच्या बाकावर उन्हात बसून राहिली. आम्ही खाली उतरायची वेळ दोनदा पुढे ढकलली, आणि शेवटी आर्थ-गोल्डाउकडे जाणारी गाडी पकडली तेव्हा सूर्य धुक्यात बुडत होता. ती बाजू उतरलात तर लुझर्नची गाडी खालच्या स्टेशनातूनच मिळते, बोटीची वाट बघावी लागत नाही.