ब्रोकरेजच्या धंद्यात पाणी कुठे मुरते?

मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या फर्मचे हिशेब पाहणे हे माझे काम आहे. या क्षेत्रावर बोलणारे बहुतेक जण इंटरनेटमुळे दलाल संपणार, या भाकितापासून सुरुवात करतात. ताळेबंद चाळताना मला तसे काही दिसत नाही. चांगल्या एजंटाचे बरे चालले आहे. ज्या फर्मच्या नावाखाली तो काम करतो, ती फर्म मात्र आतून पोकळ होत चालली आहे.

कमिशन आधी फर्मच्या खात्यात जमा होते हे खरे, परंतु त्यातला मोठा वाटा व्यवहार जुळवणाऱ्या एजंटाकडे जातो. 1973 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे सुरू झालेल्या री/मॅक्स या ब्रोकरेज कंपनीने जवळजवळ सगळे कमिशन एजंटालाच ठेवू द्यायचे आणि त्याच्याकडून कार्यालयीन खर्चाचा ठरावीक वाटा घ्यायचा, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ केली. तेव्हापासून एजंटाची घासाघीस करण्याची ताकद वाढतच गेली आहे, कारण ग्राहक त्याला ओळखतो, फर्मला नव्हे, आणि तो फर्म सोडून गेला की त्याची माणसेही त्याच्यामागे जातात. फर्मच्या वाट्याला जे उरते त्यातून भाडे, पगार, जाहिरात, सॉफ्टवेअर आणि वकिलाची फी भागवायची असते. हा खर्च दरमहा येतो. उत्पन्न मात्र व्यवहार पुरा झाल्यावरच येते. अखेरच्या टप्प्यावर खरेदीदाराचे कर्ज नामंजूर झाले किंवा मालकी हक्कात खोट निघाली, तर कित्येक महिन्यांच्या कामाचे मोल शून्य होते.

त्यात बाजाराचे चक्र फर्मच्या हाती नसते. अमेरिकेत 2021 मध्ये सुमारे 61 लाख जुन्या घरांचे व्यवहार झाले होते. व्याजदर चढल्यावर 2023 मध्ये ते सुमारे 41 लाखांवर आले, म्हणजे 1995 नंतरच्या नीचांकावर. घरांच्या किमती फारशा कोसळल्या नव्हत्या, पण स्वस्त कर्ज हाती असलेले मालक घर विकायलाच तयार नव्हते. दलालीचा धंदा किमतींपेक्षा व्यवहारांच्या संख्येवर जगतो, हे बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

तरीही खरे पाणी मुरते ते पोर्टलपाशी, म्हणजे घरांच्या जाहिराती दाखवणाऱ्या साइटपाशी. ब्रिटनमधील राइटमूव्ह ही साइट 2000 साली तिथल्या मोठ्या एजन्सींनीच मिळून उभी केली होती. आज तिचा कार्यकारी नफा उत्पन्नाच्या सुमारे 70 टक्के असतो आणि ते उत्पन्न मुख्यतः तिच्यावर जाहिराती देणाऱ्या एजन्सींच्या मासिक वर्गणीतून येते. घराची माहिती एजंटाने गोळा करायची, फोटो त्याने काढायचे, मालकाची समजूत त्याने घालायची आणि तीच माहिती पाहून आलेल्या खरेदीदारापर्यंत पोहोचण्यासाठी पैसेही त्यानेच मोजायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. एजन्सींच्या पाठबळाने 2015 मध्ये ऑनदमार्केट हे प्रतिस्पर्धी पोर्टल निघाले, पण राइटमूव्हचे वर्चस्व त्याला मोडता आले नाही आणि 2023 मध्ये ते कोस्टार या अमेरिकी कंपनीने विकत घेतले. विक्रेत्याला आपले घर जिथे सर्वाधिक लोक पाहतात तिथेच हवे असते. त्यामुळे एकट्या फर्मने बाहेर राहण्याचा हट्ट धरणे परवडत नाही.

स्वस्त पर्याय देणाऱ्यांचीही वाट सोपी ठरलेली नाही. पर्पलब्रिक्स या ऑनलाइन एजन्सीने ब्रिटनमध्ये कमी आणि ठरावीक शुल्क आकारले, पण ते घर विकले गेले नाही तरी द्यावे लागत असे. साहजिकच विक्री पूर्ण करण्याची निकड ढिली पडली. 2017 मध्ये एक अब्ज पौंडांहून अधिक बाजारमूल्य असलेल्या या कंपनीचा व्यवसाय 2023 मध्ये एका पौंडाला विकला गेला. झिलो या अमेरिकी पोर्टलनेही संगणकाच्या अंदाजावर घरे थेट विकत घेण्याचा उद्योग 2021 च्या नोव्हेंबरमध्ये गुंडाळायला घेतला.

मला पुढच्या काळाची खरी दिशा एका न्यायालयीन निकालात दिसते. ऑक्टोबर 2023 मध्ये मिसुरीतील ज्यूरीने अमेरिकेतील रिअल्टर्सची, म्हणजे मालमत्ता एजंटांची, राष्ट्रीय संघटना आणि काही मोठ्या ब्रोकरेज कंपन्या यांनी संगनमताने कमिशन चढे ठेवल्याचे मानले. संघटनेने पुढे 41.8 कोटी डॉलरची तडजोड केली आणि 17 ऑगस्ट 2024 पासून नियम बदलले: घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार हवा आणि एजंटाचा मोबदला त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. आतापर्यंत एकरकमी टक्केवारीत दडून गेलेल्या कामाची किंमत सांगणे आता भाग आहे. माझ्या मते कागदपत्रांची छाननी, किमतीचा सल्ला आणि वाटाघाटी यांचे शुल्क टप्प्याटप्प्याने आकारायला ज्या फर्म शिकतील, त्यांचे उत्पन्न तरी स्थिर होईल. केवळ घराचे दार उघडून देण्याचे पैसे यापुढे कोणी फार काळ देईल असे वाटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पहिल्या चौकशीला उत्तर देणे, वर्णन लिहिणे, जुन्या व्यवहारांशी तुलना मांडणे ही कामे स्वस्त होतील. नेमकी हीच कामे करत नवशिका एजंट धंदा शिकत असे, ही अडचण मला अधिक गंभीर वाटते. त्याला पगार देऊन घडवावे, तर तो तयार होताच जास्त वाटा देणाऱ्या फर्मकडे जातो. एजंटांना पगार देण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या रेडफिन या अमेरिकी ब्रोकरेज कंपनीनेही अनुभवी माणसे टिकवण्यासाठी 2023 च्या अखेरीपासून आपल्या एजंटांना प्रामुख्याने कमिशनच्या पद्धतीवर आणायला सुरुवात केली.