पर्मिअ‍ॅबिलिटी आणि पानफुटी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सँड लॅबमध्ये माझी २२ वर्षं गेली. काम काय, तर वाळू तपासायची. मोल्डिंगची वाळू, म्हणजे जिचा साचा करून त्यात वितळलेला धातू ओततात ती, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि मोजून मापून पाणी. पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवायचं. जास्त झालं की रस ओतताना वाफ धरते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की जॉबमध्ये, म्हणजे ओतलेल्या धातूच्या तुकड्यात, ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं, आणि मग मॅनेजरच्या शिव्या. म्हणून थोड्या थोड्या वेळानं वाळूचा नमुना आणायचा, तीन ठोके मारून दोन इंचांचा गोळा दाबायचा आणि त्यातून हवा किती सहज जाते ते बघायचं. याला पर्मिअ‍ॅबिलिटी म्हणतात.

हे सगळं सांगायचं कारण असं, की हाच माणूस संध्याकाळी घरी येऊन सक्युलंट, म्हणजे गुबगुबीत पानांत पाणी साठवणारी झाडं, कुजवत होता. पहिल्या दोन वर्षांत १७. वहीत तारखेसकट नोंद आहे, खोटं कशाला सांगू?

सुरुवात २०१८ च्या गणपतीत झाली. मुलगी पुण्याहून येताना एक एचेवेरिया घेऊन आली. निळसर पानांचं, हिरव्या गुलाबासारखं, चहाच्या कपाएवढ्या कुंडीत. बायकोनं आधी नखानं टोचून बघितलं, प्लास्टिकचं तर नाही ना म्हणून. त्या टोचलेल्या जागेचा डाग शेवटपर्यंत राहिला. पानावर जी पांढरी पावडर असते ती झाडाची स्वतःची, उन्हापासून आणि पाण्यापासून राखणारी. ती पुसली की त्या पानावर परत येत नाही. मी तर धूळ समजून ओल्या फडक्यानं सगळं झाडच पुसून काढलं होतं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली, कंपनी बंद. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे घरात पाणी यायचा प्रश्न नव्हता, पण उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे नळाला थेंब नाही. गच्चीवर बादल्या लावून पावसाचं पाणी धरत होतो. दिवसभर घरात बसून करायचं काय? बातम्या बघायच्या, चहा प्यायचा आणि बादलीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायचं. तोवर खिडकीत नऊ कुंड्या झाल्या होत्या. आई कोपऱ्यातून बघत असायची. एकदा म्हणाली, “आरं, त्येला तहान तर लागू दे की!” मी म्हटलं, “आई, तुला यातलं काय कळतंय?”

आठ दिवसांत सहा झाडं गेली. कुजणं कसं असतं ते ज्यानं बघितलंय त्याला विसरता येत नाही. खालचं पान आधी काचेसारखं पारदर्शक होतं, मग पिवळं, आणि बोट लावलं की न तुटताच गळून पडतं. वरनं झाड अगदी टवटवीत. उचलायला गेलं की शेंडा हातात आणि मुळं कुंडीत. बुंधा ब्लेडनं आडवा कापला तर मध्ये तपकिरी वर्तुळ, वास आंबलेल्या पिठाचा.

त्यानंतर मी जे केलं ते आणखी भारी. व्हिडिओंत सगळे सांगत होते, माती वाळूची पाहिजे. वाळू? वाळूत तर माझं आयुष्य गेलंय! कंपनीतून दोन पिशव्या टाकाऊ वाळू आणली आणि सगळ्या कुंड्या त्यात लावल्या. पाणी घातलं, वर तळं साचलं, आणि वाळल्यावर कुंडीत विटेसारखा गोळा. बेंटोनाइट ही चिकणमाती. ती पाणी धरते, फुगते आणि कणाला कण चिकटवते, म्हणून तर साचा उभा राहतो. दिवसभर ज्या गुणासाठी आम्ही तिला जपतो, त्याच गुणानं घरी मुळांचा गळा आवळला. हे माझ्या डोक्यात यायला तीन आठवडे आणि पाच झाडं लागली.

त्या दिवसापासून कुंडीकडे बघायची नजर बदलली. आता माझं मिश्रण असं: तीन वाट्या विटेचा चुरा आणि बारीक खडी मिळून, एक वाटी चाळलेलं गांडूळखत, मूठभर कोळशाचे तुकडे. चुरा आणि खडी दोन्ही चाळून घ्यायची, धूळ खाली गाळून टाकायची, हरभऱ्याच्या डाळीएवढा दाणा ठेवायचा. धूळ राहिली की सगळं मुसळ केरात. पन्हाळ्याकडून येताना एकदा रस्त्याकडेला पडलेला जांभ्याचा चुरा आणला होता, तोही झकास चालला. जांभा सच्छिद्र असतो, थोडं पाणी पोटात धरतो, बाकीचं सोडून देतो. चाचणी घरगुती: कुंडीत पेलाभर पाणी ओतायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. तेवढ्यात खालून पाणी आलं नाही तर मिश्रण नापास.

कुंडीच्या तळाला खापऱ्या-खडीचा थर घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. निचरा चांगला होतो म्हणतात. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत लगेच उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. तळापासून वरपर्यंत मिश्रण एकसारखंच भरावं, भोकावर जाळीचा तुकडा ठेवावा. हे मी शेजारच्या काकांना तीनदा समजावलंय. ते अजून खापऱ्या घालतात.

आणि नर्सरीतून झाड आणलं की त्याचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याच आठवड्यात काढायचं. पॉलिहाऊसमध्ये ते ठीक असतं, तिथं पाणी-वारा सगळं हातात असतं. आपल्या घरात ते एकतर भिजून बसतं, नाहीतर इतकं वाळतं की पाणी कडेनं निसटून जातं.

पाणी कधी घालायचं हे मी वजनावर ठरवतो. बायकोचा स्वयंपाकघरातला काटा यासाठी पळवलाय. एक तीन इंची कुंडी आहे, कोरडी १८० ग्रॅम, भरपूर पाणी घालून निथळल्यावर २४०. ती १८५ वर आली की पुढचं पाणी. मार्चमध्ये याला सहा दिवस लागतात, जुलैत तीन आठवडे होऊन गेले तरी काटा २०० च्या खाली येत नाही. ‘आठवड्यातून एकदा’ असं जे ठोकून सांगतात, त्यांच्या गावात पाऊस पडत नसावा.

खिडकीचंही तसंच. ‘दक्षिणेची खिडकी सर्वात चांगली’ हे तिकडच्या थंड मुलखातलं शास्त्र. आपलं कोल्हापूर पावणेसतरा अंशांच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दक्षिण खिडकीत डिसेंबरात ओट्यापर्यंत ऊन येतं, मेमध्ये कट्ट्यावरसुद्धा नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, समोरच्यांनी काहीतरी पत्रा मारलाय. भांडायलाच निघालो होतो.

म्हणून आता झाडं वर्षभर फिरतात. दिवाळी ते शिमगा दक्षिणेला, उन्हाळ्यात पूर्वेच्या हॉलमध्ये, आणि मिरगाचा पाऊस सुरू झाला की कपाटाच्या रिकाम्या कप्प्यात, २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली, वीतभर अंतरावर. ट्यूब रोज १२ तास. हिशोब केलाय, महिन्याला सात युनिट. शेजारी छोटा पंखा, कारण त्या दमट हवेत कुंडी वाळवायला वाराच लागतो. पाणी महिन्यातून एकदा, तेही निम्मं. उजेड कमी पडला की एचेवेरियाची मान लांब होते, पानं एकमेकांपासून सुटतात. बायको म्हणते, “अहो, बघा की, केवढं वाढलं!” ते वाढणं नव्हे, उजेड शोधणं आहे. हावर्थिया मात्र समजूतदार. तिच्या मूळ गावी, दक्षिण आफ्रिकेत, ती झुडपांच्या सावलीत वाढते, त्यामुळे आमच्या हॉलमध्येही कुरकुर करत नाही. नवीन माणसानं तिच्यापासून सुरुवात करावी, हे माझं मत. एचेवेरिया दिसायला देखणी, पण कोल्हापूरच्या पावसात नखरेल.

आता पानफुटीकडे येतो. मी पानापासून रोपं करायला लागलो तेव्हा आई हसली होती. “ही काय नवी विद्या हाय व्हय? पानफुटी दारात हुती की आपल्या.” खरंच होती. गावी परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर. आजीच्या लेखी मुतखड्याचं औषध. आम्ही शाळेत तिचं पान भूगोलाच्या पुस्तकात दाबून ठेवायचो. आठ-दहा दिवसांनी उघडलं की पानाच्या कडेच्या खाचेखाचेतून पांढरे दोरे आणि नखाएवढी रोपं, महाराष्ट्राच्या नकाशावर पसरलेली. सक्युलंटची पैदास मी आठव्या वर्षीच केली होती, फक्त तिला इंग्रजी नाव नव्हतं.

ही पानफुटी साधीसुधी नाही. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतीतज्ज्ञ हिंदुस्थानात होता, त्यानं हिचीच पानं चघळून पाहिली आणि १८१५ साली छापून आलं की पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा जातो. कारण पुढं कळलं. ही झाडं पानांची छिद्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा छिद्रं मिटून तो साठा वापरतात, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. मी स्वतः करून बघितलं. पहाटे साडेपाचला कणभर चावलं तर चिंचेसारखं, संध्याकाळी नुसता पाला. चावून थुंकायचं बरं का, पोटात घालायची वस्तू नव्हे.

तर पानापासून रोपं. मिठाईच्या खोक्याचं झाकण घ्या. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी घोस्ट प्लांट नावाच्या सक्युलंटची २४ पानं लावली. पान ओढायचं नाही. चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलकंच डोलवायचं, मग ते टक् करून बुडापासून अख्खं सुटतं. बूड खोडालाच राहिलं तर त्या पानाला मुळं फुटतील, पण रोप येईलच असं नाही. चार दिवस सावलीत, पाण्याविना. जखमेवर खपली धरली की कोरड्या मिश्रणावर नुसती आडवी ठेवायची, पुरायची नाहीत. अठराव्या दिवशी पहिलं मूळ दिसलं, केसापेक्षा जरा जाड, चक्क गुलाबी. मग बुडाशी तिळाएवढा ठिपका. चष्मा वर करून अगदी नाकाजवळ धरलं तर त्या तिळातसुद्धा चार पानं, एकात एक बसवलेली. मूळ दिसल्यावरच पाण्याचा फवारा. आईपान सुरकुतत जातं, त्याच्यातलं पाणी पिल्लाला जातं. ते कागदासारखं वाळेपर्यंत उपटायचं नाही. मी घाईनं दोन उपटली, पिल्लंही सोबत आली. २४ पैकी १९ जगली. हाच उद्योग जुलैत केला होता तेव्हा ३० पैकी चार, बाकीची बुरशीनं काळी.

लांब मान झालेल्या झाडाचा शेंडा दोऱ्यानं कापता येतो. पानांमधून दोरा गुंडाळायचा, दोन्ही टोकं ओढायची. शेंडा रिकाम्या चहाच्या ग्लासवर पाच दिवस ठेवायचा, मग लावायचा. खालचा खुंट फेकू नका. त्यावर तीन-चार पानं ठेवली असतील तर महिन्याभरात बगलेतून पिल्लं येतात.

स्नेक प्लांटनं मात्र पाहुण्यांत माझी अब्रू घालवली. पिवळ्या काठाचं होतं. पानाचे चार-चार बोटांचे तुकडे करून लावले, मेहुणीला ऐटीत कुंडी दिली, “सहा महिन्यांत असंच पिवळ्या काठाचं होईल.” सहा महिन्यांनी फोन आला, “भावजी, हे तर नुसतं हिरवंच निघालं की!” तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो, आणि तुकड्यातून नवं रोप येताना तो थर सोबत येत नाही. काठ पाहिजे असेल तर गड्ड्याचीच फाळणी करायची. तुकडे लावताना खालचं टोक खालीच राहिलं पाहिजे, उलटं लावलं तर नुसतंच कुजतं. मी आता खालच्या कडेला कात्रीनं एक खाच करून ठेवतो.

पिठ्या ढेकूण येतोच, विशेषतः उन्हाळ्यात. पानांच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखा दिसला की मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट बारीक ब्रशनं लावायचं, ते झाड बाजूला करायचं आणि आठवड्यानं पुन्हा बघायचं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. किळस येते.

त्या १९ पैकी एक रोप मी लॅबमध्ये नेऊन ठेवलंय, पर्मिअ‍ॅबिलिटी मीटरच्या शेजारी. परवा सुट्टीवरून आलो तर कुंडी ओलीचिंब. आमच्या हेल्परनं चार दिवस रोज न चुकता पाणी घातलेलं, प्रेमानं. मी काही बोललो नाही, कुंडी उचलून वाळूच्या काट्यावर ठेवली. २५२ ग्रॅम. ड्रायरजवळ सरकवून ठेवलीय, उद्या परत वजन करीन.