मुका डोंगर आणि वाद्यवृंद

वाद्यवृंदातून वादळ उभे करणे हे वाटते तितके अवघड काम नाही, असे माझे मत आहे, कारण वादळाला मुळातच आवाज असतो. १८०८ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा सादर झालेल्या ‘पास्टोरल’ सिंफनीत (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराने गडगडाटासाठी चेलो या खर्जातल्या तंतुवाद्यांना एका मात्रेत पाच आणि त्याहून खालच्या सुरातल्या डबल बेसना त्याच मात्रेत चार स्वर दिले. दोहोंचा मेळ बसत नसल्यामुळे खर्जात एकही स्वर सुटा कळत नाही आणि नुसती गडगड उरते. डोंगराचे मात्र तसे नाही. आमच्या ठाण्यात भर जुलैत येऊरच्या डोंगराकडे कान लावला, तर ऐकू येतात ते ओढे, पाने आणि बेडूक. डोंगर स्वतः मुकाच राहतो.

या मुक्या डोंगराला स्वर द्यायचा कसा? एक वाट म्हणजे डोंगरातल्या माणसांची धून उचलणे. आपल्याकडे पहाडी रागाचे नाते लोकधुनांशी आहे, आणि फ्रेंच संगीतकार व्हँसाँ दँदी याने १८८६ मध्ये फ्रान्समधल्या सेव्हेन (Cévennes) डोंगरातील एका लोकगीतावर पियानोसह सिंफनी रचली, ती याच वाटेने. रचना गोड आहे, पण तिच्यात डोंगरापेक्षा डोंगरातला माणूस अधिक दिसतो.

जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसची ‘आल्पाइन सिंफनी’ मला अधिक जवळची वाटते. १९१५ मध्ये बर्लिनला ती प्रथम वाजली तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन त्याने स्वतःच केले होते. लहानपणी एका डोंगरावर वाट चुकून वादळात सापडल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. सुमारे पन्नास मिनिटांच्या या रचनेत एका दिवसाची चढाई आणि उतरण आहे. सुरुवातीच्या ‘रात्र’ या भागात एक स्वरपंक्ती संथपणे खाली उतरत जाते, पण नवा स्वर आला तरी आधीचा सोडला जात नाही, सगळे धरून ठेवले जातात, आणि अवरोह संपेपर्यंत त्यांचा एक दाट, काळसर थर साचतो. या थरातून ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी फुंकवाद्ये डोंगराचे स्वरवाक्य हलकेच म्हणतात. आवाजाची नक्कल इथे कशाचीच नाही, तरीही अंधारात समोर काहीतरी अवाढव्य उभे आहे, हे कळते.

शिखरावर पोहोचल्यावर तुताऱ्यांचा जल्लोष लगेच येईल असे वाटते, पण आधी ऐकू येतो एकटा ओबो, म्हणजे सनईच्या जातीचे वाद्य, तोही अडखळत, धाप लागल्यासारखा. पुढे वादळात उतरताना चढणीचेच स्वरवाक्य उलटे होऊन येते. आरोह-अवरोहावर वाढलेल्या आपल्या कानांना ही युक्ती चटकन पकडता यावी.

याच वादळात श्ट्राउसने वाऱ्याचे यंत्रही वापरले आहे: पट्ट्या ठोकलेले पिंप कापडाखाली हाताने फिरवायचे. मला त्याचे फारसे कौतुक नाही, कारण तो शेवटी रंगभूमीवरचा वारा वाटतो, आणि इतके सामर्थ्य असलेल्या वाद्यवृंदाला त्याची गरज नव्हती.

ऐकणाऱ्यांना एकच सुचवतो: मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज नीट उमटत नाही आणि लोकलच्या खडखडाटात तो बुडतो, तेव्हा निदान ‘रात्र’ तरी घरी, चांगल्या हेडफोनवर ऐकावी.