की गोंपातली पोथी

हिमाचलमधल्या स्पितीला जायचं जायचं म्हणून दोन वर्षं नुसत्या गप्पाच चालल्या होत्या, यावेळी मी आणि ताई निघालोच. मनालीकडून अंतर कमी पडतं पण आम्ही मुद्दाम शिमल्याच्या बाजूने गेलो, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असे मुक्काम करत, कारण या रस्त्याला उंची हळूहळू वाढते आणि अंगाला सवय व्हायला वेळ मिळतो. पहिल्यांदा जाणार असाल तर प्लीज याच बाजूने जा. एवढं करूनही काझाला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावात, ताईचं डोकं असं काही दुखायला लागलं की एक अख्खा दिवस तिने रूमवर पाणी पीत आणि झोपून काढला.

दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं, मग सकाळीच टॅक्सी करून 'की' नावाच्या गोंपाला, म्हणजे बौद्ध मठात गेलो. हा गोंपा ४१६६ मीटरवर आहे. एकही झाड नसलेली शंकूसारखी टेकडी, तिच्या अंगाखांद्यावर एकमेकींना चिकटून चढत गेलेल्या पांढऱ्या खोल्या, आणि खाली दरीत दहा धारांमध्ये फुटून पसरलेली स्पिती नदी. फोटोत हजारदा बघितलेलं तरी मी गाडीतून उतरून कितीतरी वेळ तशीच उभी होते. १७व्या शतकात इथे मंगोलांनी हल्ला केला, १८४१ मध्ये जम्मूच्या डोग्रा सैन्याने नासधूस केली, नंतर आग लागली, १९७५ चा भूकंप झाला, आणि दरवेळी लोकांनी पुन्हा बांधलं. म्हणून तर त्याला असा ठरीव नकाशा नाही, कुठलाही जिना कुठेही निघतो आणि दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही.

आत गेल्या गेल्या एका लामांनी "बैठो, पहले चाय पियो" म्हणून स्वयंपाकघरात बसवलं. धुराने काळं झालेलं छत, मोठमोठी पितळी भांडी आणि गरम काळा चहा, त्या थंडीत तो चहा घशाखाली उतरला तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं माझ्या.

प्रार्थनेच्या खोलीत फोटो काढायचा नाही, आणि ते बरंच आहे, कारण फोन बॅगेत गेल्यावर नजर जागेवर येते. तुपाच्या दिव्यांचा वास, जुने थांका (कापडावरची बौद्ध चित्रं), आणि कोपऱ्यात नऊ-दहा वर्षांचा एक छोटा लामा पोथी वाचत बसलेला. लांबट, सुटी पानं, शिवण नाही की बाइंडिंग नाही, वाचून झालं की पान उचलून पलीकडे पालथं ठेवायचं. अगदी आमच्या आजीची पोथी! ती पण अशीच सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली, आणि ती पण असंच बोट फिरवत अर्धवट मोठ्याने वाचायची. लिपी तिबेटी, मला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याच्या वाचण्याचा हेल इतका ओळखीचा वाटला की मी आणि ताई एकमेकींकडे न बघता तिथेच भिंतीला टेकून बसलो.

बराच वेळाने त्याने पानं दोन्ही हातांनी ठोकून सारखी केली, वर-खाली लाकडी फळ्या ठेवल्या, पिवळ्या फडक्यात घट्ट गुंडाळली, आणि ते गाठोडं कपाळाला लावून फळीवर ठेवून दिलं. जाताना आमच्याकडे बघून हळूच "जुले" म्हणाला, म्हणजे तिकडचा नमस्कार. ताईने हात जोडले.