तुम्ही विचारलंत म्हणून : थारसाठी चॅसी कुठली घेऊ?

‘रिमोटवर चालणारा छोटा ट्रेल ट्रक स्वतः बांधायचाय, बॉडी थारचीच हवी, तर चॅसी कुठली घेऊ?’ ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, या नादाला नव्याने लागलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर थोडं वाकडं आहे. चॅसी, म्हणजे बॉडीखालचा चाकं-ॲक्सलसकटचा सांगाडा, अजून घेऊच नका. आधी कॅल्क्युलेटर घ्या.

खोक्यावर १:१० छापलेलं असतं. तो या छंदातला एक वर्ग समजा, माप नव्हे. ॲक्झिअल कंपनीच्या एससीएक्स-१० या चॅसीच्या दुसऱ्या आवृत्तीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३१३ मिमी आहे, ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ डिफेंडरचा ३२४. तीन दरवाजांच्या थारचा, म्हणजे २०२० साली आलेल्या गाडीचा, खरा व्हीलबेस २४५० मिमी. दहाने भागा, २४५ आले. आता ही बॉडी ३१३च्या चॅसीवर ठेवा. पुढची चाकं कमानीत बसली, की मागची जवळजवळ सात सेंटिमीटर मागे राहतात. मग लोक बॉडी मधोमध कापून लांबवतात. ती थार मग थार दिसत नाही, कुठल्या तरी लग्नाच्या वरातीसाठी ओढूनताणून लांब केलेली गाडी दिसते.

म्हणून गणित उलटं करा. २४५० भागिले ३१३, आले ७.८३. म्हणजे ही चॅसी ठेवायची तर थार १:७.८३ या मापाची हवी. आता याच आकड्याने बाकीचं भागून बघा. खऱ्या गाडीची रुंदी १८२० मिमी, इथे २३२. बाजारातले बरेचसे ॲक्सल टायरसकट २२० ते २४० मिमी भरतात, म्हणजे रुंदी आपसूक जुळली. थारच्या एका प्रकाराला २४५/७५ आर१६ टायर येतो. त्याचा व्यास साधारण ७७४ मिमी, तो इथे ९९ होतो. रिमचे १६ इंच इथे दोन इंचांच्या आसपास येतात. १.९ इंची रिमवर १०० मिमीचा टायर हा या छंदातला अगदी सहज मिळणारा साइज आहे. थार ३१३च्या चॅसीवर इतकी छान बसते ती यामुळे. फक्त बॉडी १:१०ची घ्यायची नाही, एवढं पाळा. लांबी अर्ध्या मीटरच्या थोडी वर जाते, हे शेल्फवर जागा करताना लक्षात ठेवा. आणि १:१०चा ड्रायव्हर आत बसवलात, तर शाळकरी पोरगा बापाची गाडी चोरून निघालाय असं वाटतं.

जिप्सीवाल्यांचं मात्र इतकं सरळ नाही. जिप्सी किंगचा व्हीलबेस २३७५, रुंदी १५४०. ३१३ला माप येतं ७.५९ आणि रुंदी २०३. तुमचा ॲक्सल २३० असेल तर दोन्ही बाजूंना टायर तेरा-तेरा मिमी बाहेर डोकावतो. तिथे अरुंद ॲक्सलच शोधावा लागतो, निदान चाकं आत ओढणारे पातळ हेक्स (ॲक्सल आणि रिम यांच्यामधले षटकोनी तुकडे) आणि वेगळ्या ऑफसेटचे रिम तरी. रॉक्सचा, म्हणजे पाच दरवाजांच्या थारचा, व्हीलबेस २८५० आहे, त्यामुळे ती ३१३ला १:९.१ पडते. तिलाही रुंदी २०५च मिळते, म्हणजे अडचण तीच. नव्या माणसाने थारपासून सुरुवात करावी, हे माझं मत त्यामुळे आहे. थार आवडण्या-न आवडण्याचा इथे संबंध नाही.

काहींना रेल, म्हणजे चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या, स्वतःच कापून घ्यायच्या असतात. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात लेझर कटिंगवाले आहेत. २ मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याच्या सपाट रेल या कामाला पुरतात. ड्रॉइंगमध्ये एम३ स्क्रूसाठी भोक ३.२ ठेवा. बरोबर ३ ठेवलंत तर पावडर कोटिंगनंतर एकही स्क्रू आत जाणार नाही आणि मग कानस घेऊन बसावं लागेल. हाताने ड्रिल करणार असाल तर दोन्ही रेल एकमेकींवर घट्ट बांधून एकदमच भोकं पाडा. अर्ध्या मिमीचा फरक पडला तरी ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

व्हीलबेसचं बारीक ॲडजस्टमेंट लिंकवर, म्हणजे ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांवर होतं. खालच्या दोन लिंक एका टोकाच्या डोळ्याच्या (रॉड एंडच्या) भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत व्हर्नियरने मोजून अगदी सारख्या करा. रॉड एंडचा आटा किमान पाच मिमी आत गेलेला हवा. वरच्या लिंकनी ॲक्सलचा कोन ठरतो. पुढच्या ॲक्सलला इथेच मेख आहे. ॲक्सलचं पिनियन (ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतो तो भाग) वर उचललं की ड्राइव्हशाफ्ट सरळ येतो, पण त्याच वेळी कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टीअरिंग सोडल्यावर चाकं आपणहून सरळ होत नाहीत. काही ॲक्सलवर सी-हब (ॲक्सलच्या टोकांचे सी-आकाराचे तुकडे) फिरवून बसवता येतात, तिथे दोन्ही साधतं. येत नसतील तर शाफ्टचा थोडा तिरपेपणा चालवून घ्या, कॅस्टर सोडू नका. लिंकची लांबी बदललीत की ड्राइव्हशाफ्टही तपासा. चाक पूर्ण लोंबलेलं असताना शाफ्टचे दोन भाग निदान एक सेंटिमीटर एकमेकांत राहिले पाहिजेत, आणि पूर्ण दाबल्यावर आत आपटता कामा नयेत.

मोटरचं लवकर आटपू. ५४० आकाराची ब्रश्ड मोटर, ३५ किंवा ४५ टर्न (आतल्या तारेचे वेढे), तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. टर्न जास्त तितकी मोटर सावकाश. एकूण गिअरिंग ४०:१ असेल आणि मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर १०० मिमीच्या टायरवर वेग ताशी साडेपाच-पावणेसहा किलोमीटर पडतो. म्हणजे माणसाच्या चालीइतका. ‘स्पीड किती?’ हे प्रत्येक बघणारा विचारतो, त्याला हेच सांगा आणि त्याचा चेहरा पडू द्या. ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) लायपोचा कटऑफ चालू करा आणि ड्रॅग ब्रेक पूर्ण ठेवा, नाहीतर चढावर ट्रिगर सोडला की गाडी मागे घरंगळते. मोटरचं पिनियन आणि स्पर (त्याला भिडणारा मोठा गिअर) जोडताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही दातांमध्ये घालून आवळा, मग काढा. पट्टीवर घडी उठली पाहिजे, फाटता कामा नये. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवरच यायला हवा, निळं थ्रेडलॉक लावून. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक अजिबात नको, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

सर्वोवर, म्हणजे स्टीअरिंग वळवणाऱ्या मोटरवर मात्र कंजुषी करू नका. लॉक केलेल्या ॲक्सलची (दोन्ही चाकं एकत्रच फिरतात अशा), वजन भरलेली पुढची चाकं दगडांच्या फटीत वळवायची तर २० ते २५ किलो-सेंमीचा मेटल गिअर सर्वो लागतो. हा सर्वो अडला की तीन अँपिअर सहज ओढतो. ईएससीच्या आतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग) बहुधा दोन-तीन अँपिअरचाच असतो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर झोपतो आणि गाडी ऐन अवघड जागी मेल्यासारखी थांबते. ‘रेंज जाते’ म्हणून लोक रिमोट बदलतात. रिमोट बिचारा ठीकच असतो. वेगळा बीईसी बसवा, सर्वोची लाल तार त्याला द्या आणि सिग्नलची तार रिसीव्हरला. काळी तार बीईसी आणि रिसीव्हर दोघांनाही जोडलेली हवी, ती विसरली तर सर्वो वेड्यासारखा थरथरतो. सर्वोचा हॉर्न (त्याच्या शाफ्टवरची दांडी) बसवायच्या आधी रिमोट चालू करून ट्रिम शून्यावर आणा. चाक पूर्ण वळल्यावर सर्वो गुणगुणत असेल तर रिमोटमधला एंडपॉइंट (सर्वो किती वळायचा त्याची हद्द) कमी करा. ती गुणगुण म्हणजे मोटर जळायची पूर्वसूचना आहे.

आता बॉडी. स्टेशनरीच्या दुकानातून सनबोर्ड आणा आणि ७.८३च्या मापाने आधी पूर्ण थार कापून, टेप लावून उभी करा. थार चौकोनी आहे, हे आपलं नशीब. मग शॉक्सच्या स्प्रिंगा काढून गाडी सनबोर्डच्या बॉडीखाली ठेवा. डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक पूर्ण वर दाबा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. टायर जिथे घासेल तिथे पेन्सिलने खूण करा. रंग दिल्यावर हे करणाऱ्यांचे फेंडर पहिल्याच दिवशी फुटतात. खऱ्या बॉडीसाठी दीड मिमी एबीएस शीट चांगली. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एवढं तापमान अवघड नाही. बॉनेट पापडासारखं वाकतं. पीईटीजी किंवा एबीएस वापरा. बॉडीचं वजन ५०० ग्रॅमच्या आत ठेवा आणि छत सगळ्यात हलकं. रूफ कॅरिअर, जेरीकॅन, स्पेअर चाक, टपावरचा लाइट बार दिसायला झकास, पण प्रत्येक ग्रॅम चुकीच्या उंचीवर जातो.

आणि बहुतेक गाड्या तिथेच फसतात. दोष मोटरला देतात, खोट वजनात असते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पुढची दोन्ही चाकं काट्यावर, मागची काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा लिहा. मग उलट करा. बॅटरी जागेवर हवी, बॉडी चढवलेली हवी. २.८ किलोच्या गाडीत पुढे साधारण १.६५ ते १.७ किलो यायला हवेत, म्हणजे साठ-चाळीस. बहुतेक नव्या गाड्या निम्म्या-निम्म्या भरतात. अशी गाडी चढावर पुढची चाकं उचलते आणि मागे कोलांटी मारते. पहिला उपाय फुकटचा आहे : बॅटरी मागून उचलून पुढच्या ॲक्सलजवळ, शक्य तितकी खाली आणा. दुसरा उपाय टायरच्या दुकानात मिळतो. चाकं बॅलन्स करायला चिकटवतात ती वजनं, पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी. पुढच्या प्रत्येक रिमच्या आतल्या घेरावर साठ-सत्तर ग्रॅम सगळीकडून सारखं चिकटवा, त्यावर इन्सुलेशन टेपचा एक वेढा. पितळी नकल (पुढची चाकं धरणारे, स्टीअरिंगबरोबर वळणारे भाग) त्यानंतर घ्या, त्या महाग आहेत.

आता फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, गाडी तिच्यावर आडवी उभी करा आणि एका बाजूने हळूहळू उचला. मोबाइलमधल्या लेव्हलने कोन बघा. ४० अंशांच्या आत कलंडली तर वरून वजन काढा. खाली वाढवण्याआधी वरचं काढायचं, हा क्रम बदलू नका.

टायर मऊ रबराचे, आत फोम. खूप कडक फोम घातला तर टायर दगडाला धरत नाही, नुसता टेकतो. बीडलॉकचे (टायर रिमला आवळून धरणाऱ्या कड्याचे) स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळा. पारसिकच्या डोंगरउतारासारख्या सुट्या मुरुमावर उंच गुट्ट्यांचे, मोकळ्या खाचांचे टायर चालतात. बेसॉल्टच्या गुळगुळीत दगडाला बारीक कापांचे लागतात. येऊरचं विचाराल तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे जंगलात शिरून गाडी चालवायची जागा नाही. सोसायटीच्या मागे पडलेला बांधकामाचा राडारोडा सरावाला उत्तम, वॉचमनला मात्र आधी सांगून ठेवा.

पावसाळ्यात टायरच्या मध्यरेषेवर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, नाहीतर फोम पाणी पिऊन बसतो. खाडीकाठच्या चिखलात नेऊच नका. मिठाच्या पाण्याने बेअरिंग आणि कनेक्टर दोन्ही जातात. साध्या चिखलातून आणलीत तर गोड्या पाण्याने धुवा, चाकं काढा, बेअरिंगं बाहेर काढून पुसा, तेलाचा एकेक थेंब सोडा. बॅटरी भरलेली किंवा रिकामी पडू देऊ नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. ॲक्सलची झाकणं एकदा उघडून बघा. आतलं ग्रीस दुधट पांढरं झालं असेल तर पाणी शिरलंय, सगळं पुसून नवं भरा.