आधी डबे बघ, मग बाजाराला जा

जर्मनीहून सुट्टीला कोल्हापूरला, माहेरी आलेय. परवा आईबरोबर लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या बाजारात गेले होते. वर्षाचा शाळू, म्हणजे ज्वारी, भरायचा राहिला होता. दुकानदाराने पोत्यातून मूठभर दाणे काढून आईच्या हातावर ठेवले. आईने ते तळहातावर पसरले, हलकीशी फुंकर मारली, दोन दाणे दाताखाली फोडून बघितले आणि काही न बोलता पुढच्या दुकानाची वाट धरली. तिसऱ्या दुकानात तिला हवा तसा टपोरा, पांढराशुभ्र शाळू मिळाला. पाऊण तास उन्हात गेला, पण वर्षभर भाकरीला तोच दाणा खायचा म्हटल्यावर तिला कसली घाई नव्हती.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, "तिकडं म्हैन्याला बाजाराला किती लागतात गं?"

चार माणसांना साडेचारशे ते पावणेपाचशे युरो, मी सांगितलं. एक युरो म्हणजे ढोबळमानानं शंभरेक रुपये. तिने मनात हिशेब केला आणि गप्प झाली. मग मी म्हटलं, आई, पहिल्या वर्षी हाच आकडा साडेसातशेच्या पुढं होता, आणि तो खाली आला तो तुझ्या पद्धतीनं. तिला काही ते खरं वाटेना. श्टुटगार्टमध्ये शाळू नाही, कपिलतीर्थ मंडई नाही, गंगावेशीतलं म्हशीचं दूध नाही, तिथं मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघराची पद्धत कशी चालेल? म्हणून हे लिहायला बसले. मुलांना तिकडे पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी आहे, मी माहेरी आहे, आणि आपल्या गल्लीतल्या दोघी-तिघींच्या लेकी-सुना येत्या वर्षात परदेशी निघाल्यात. त्यांना हे माझ्यासारखं वर्षभर ठेचकाळत शिकायला लागू नये.

आम्ही 2021 च्या सप्टेंबरमध्ये गेलो. पहिले काही महिने माझा एकच ध्यास होता, घरातलं जेवण कोल्हापूरसारखंच झालं पाहिजे. भारतीय सामानाचं दुकान ट्रॅमने वीस मिनिटांवर. तूरडाळ, पोहे, मटकी, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, सगळं मिळायचं, पण लहान लहान पुड्यांत आणि इथल्या तिप्पट-चौपट भावात. ज्वारीचं पीठ तर कित्येक महिन्यांपूर्वी दळलेलं. जुन्या पिठाला चिकटा राहत नाही. भाकरी थापली की कडेनं चिरायची आणि उचलताना मोडायची. इथं भाकरी म्हणजे रोजचं साधं जेवण, तिथं तीच सणावारासारखी महाग पडत होती, आणि एवढं करून चव नाही. तरी मी ते पीठ आणत राहिले. भाकरी सोडली म्हणजे घर सुटलं, असं वाटायचं.

त्यात 2022 चा मार्च उजाडला. युक्रेनमध्ये फेब्रुवारीअखेर युद्ध सुरू झालं होतं आणि दुकानांतल्या सूर्यफूल तेलाच्या फळ्या रिकाम्या पडल्या. माणशी एक-दोन बाटल्याच, अशा पाट्या लागल्या. इकडे आईही फोनवर तेच सांगत होती. भारतात येणारं सूर्यफूल तेलही बहुतेक युक्रेन-रशियातूनच यायचं, त्यामुळे आम्हा मायलेकींचा हात एकाच वेळी आखडला. जर्मनीत खाण्यापिण्याच्या वस्तू त्या वर्षी सरासरी 13 टक्क्यांच्या वर महागल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर आणखी 12 टक्क्यांच्या वर. पगार काही त्या वेगानं वाढत नाही. मी फोनवर रडवेली झाले होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात काय काय हाय ते बघितलंस काय? आधी डबे बघ, मग बाजाराला जा."

फोन ठेवून कपाट उघडलं. मसूरडाळीच्या तीन फोडलेल्या पुड्या, रव्याच्या दोन, कशाकशाचे तळाशी उरलेले दाणे, आणि कीड लागलेलं बेसन. फ्रीजमध्ये सुकलेली कोथिंबीर. एवढ्या सामानात आठवडा निघाला असता. त्या आठवड्यात तेल आणि दूध सोडून काही विकत आणलं नाही आणि कुणी उपाशी राहिलं नाही. तेव्हापासून शनिवारी सकाळी आधी डबे उघडायचे, मग कागदावर लिहायचं, मग पिशवी उचलायची. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारचा बाजार चुकवून चालत नाही.

पण खरा फरक पडला तो एका ताटलीमुळं.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहतात. श्टुटगार्ट ज्या भागात आहे त्याला श्वाबेन म्हणतात, आणि तिथली माणसं काटकसरीसाठी जर्मनीभर ओळखली जातात. थंडीतल्या एका संध्याकाळी आजी झाकलेली ताटली घेऊन वर आल्या. लिन्झन मिट श्पेत्सले. म्हणजे गाजर-कांद्यात शिजवलेले मसूर, वरून व्हिनेगरची आंबट धार, आणि सोबत अंडं घातलेल्या पिठाच्या जाडसर शेवया. त्यांच्याकडे त्यात सॉसेज असतं, आमच्यासाठी त्यांनी ते वेगळं ठेवलं होतं. पहिला घास खाल्ला आणि मी नवऱ्याकडे बघितलं. हा तर अख्खा मसूर! फक्त तिखट नाही आणि लसूण नाही.

हे मसूर तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. टेलरलिन्झन म्हणतात त्यांना. आपल्यापेक्षा थोडे मोठे, हिरवट तपकिरी, चपटे. अर्ध्या किलोचा पुडा दीड युरोच्या आसपास, तोही खालच्या फळीवर, जिथं माझी नजर कधी गेलीच नव्हती. मी सहा महिने त्यांच्यासमोरून चालत जाऊन ट्रॅमने मटकी आणत होते.

आता आमच्याकडे दर मंगळवारी अख्खा मसूर असतो. रात्री भिजवायचे. सकाळी कुकरला दोनच शिट्ट्या, जास्त झाल्या तर ते फुटून वरण होतं. बारीक चिरलेला कांदा तेलात चांगला लालसर होईपर्यंत परतायचा, इथं घाई केली की सगळी चव गेली. मग आलं-लसूण, टोमॅटो, तेल सुटलं की आच मंद करून आईची कांदा-लसूण चटणी दोन चमचे. चटणी करपायच्या आत मसूर आणि त्यांचंच पाणी. शेवटी गुळाचा खडा. पुणे-बंगळूर हायवेवरच्या ढाब्यांवर खातो तसाच लागतो, आणि चौघांचं पोटभर जेवण दोन-अडीच युरोत होतं. आजींना वाटीभर दिला तर त्यांनी डोळे पुसत पुसत वाटी संपवली आणि वर व्हिनेगर घालून बघितलं. आता मीही कधीकधी लिंबाऐवजी व्हिनेगर घालते.

त्या दिवसापासून मी इथलं सामान तिकडे शोधायचं थांबवलं. तिकडे जे स्वस्त आणि ताजं पिकतं ते घ्यायचं आणि त्यावर कोल्हापूरचा हात फिरवायचा. कोबी, गाजर, बटाटे, कांदे, लाल भोपळा, नवलकोल. शेंगदाण्याच्या चटणीऐवजी सूर्यफुलाच्या बियांची चटणी, कारण तिकडे पावात घालायला त्या बिया सगळीकडे मिळतात. चक्क्याऐवजी क्वार्क, म्हणजे तिकडचं घट्ट दह्यासारखं ताजं चीज, ज्याच्या श्रीखंडासाठी दही टांगूनसुद्धा ठेवावं लागत नाही. डाळी आणि छोले तुर्की दुकानातून, मोठ्या पिशवीत. कोथिंबिरीची जुडीही तिथलीच घ्यावी, सुपरमार्केटातल्या चार काड्यांच्या किमतीत तिथं घसघशीत जुडी येते.

पोळीसाठी एक सांगते, कारण यावर मी बरेच दिवस चाचपडले. तिकडे गव्हाच्या पिठावर आकडा छापलेला असतो, 405, 550, 1050 असा. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा तो आकडा. जितका मोठा, तितका कोंडा जास्त. 405 म्हणजे जवळपास आपला मैदा. 1050 आणि गव्हाचं सबंध पीठ निम्मं-निम्मं घेतलं, गरम पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं, की पोळी मऊ राहते.

पाल्याची गोष्टही सांगायलाच हवी. तिकडे लोक नवलकोल घेतात आणि त्याचा पाला पिळून तोडून दुकानातच टाकून देतात. मुळ्याच्या लाल गड्ड्यांचंही तेच. आठवडी बाजारात एका भाजीवाल्या बाईंना मी विचारलं, हा पाला मी घेऊ का? त्यांनी विचारलं, ससा पाळलाय का? मी म्हटलं, नाही, मुलांना भाजी करते. दुसऱ्या शनिवारी त्यांनी पिशवी बाजूला बांधून ठेवली होती आणि भाजी कशी करायची ते मला विचारलं. लसणाची फोडणी, बारीक चिरलेला पाला, वरून बेसन पेरून झाकण. आता आम्ही दोघी एकमेकींना नावाने हाक मारतो.

मटणाचं मात्र जमवायला वेळ लागला. कोल्हापूरच्या माणसाला रस्सा नसलेला रविवार सोसत नाही, आणि तिकडे मटण परवडत नाही. पण आपला रस्सा मुळात कशासाठी आहे? लहानपणी आमच्याकडे किलोभर मटणात दहा-बारा माणसं जेवून उठायची. फोडी वाट्याला दोन-तीनच यायच्या, पण तांबडा आणि पांढरा हवा तितका. तिकडे झुपेनहून नावाची जून कोंबडी गोठवलेली मिळते, सूपसाठी. मऊ कोंबडीपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि अळणी पाण्याला तिच्यासारखी चव नाही. कुकरमध्ये चांगली पाऊण तास शिजवायची. एका कोंबडीत सुक्कं, तांबडा, पांढरा आणि दुसऱ्या दिवशीचा भात होतो. पांढऱ्यासाठी पहिल्यांदा तिकडची खसखस वाटली तर रस्सा राखाडी झाला. तिकडची खसखस निळसर काळी असते. त्या दिवशी पाहुणे होते आणि मला फार वाईट वाटलं. आता तीळ आणि सोललेले बदाम वाटते.

दुकानातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. किमतीच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो, कायद्यानेच छापावा लागतो. डोळे त्यावर ठेवायचे, मोठ्या आकड्यावर नाही. तारखा दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे 'या दिवसापर्यंत उत्तम', ती उलटली तरी दही, रवा, बिस्किटं वास घेऊन, चव घेऊन खुशाल वापरावीत. दुसरी 'या दिवसापर्यंतच वापरा', ती खिमा आणि कच्च्या कोंबडीवर असते, तिच्याशी खेळायचं नाही. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, ती बाटली मशीनमध्ये घालून परत घ्यायची, हे काम मुलांचं. दोन युरो वाचवायला तीन दुकानं पालथी घालणं मी सोडलं. त्यात शनिवार जातो आणि प्रत्येक दुकानात काहीतरी जास्तीचं पिशवीत येतंच.

वर्षाची बेगमी तिकडे होत नाही असं मला वाटायचं, तेही चूक होतं. आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक थंड, अंधारी खोली आहे. सुरुवातीला तिथं फक्त रिकाम्या बॅगा होत्या. एकदा दहा किलो कांद्याचं पोतं आणून गरम स्वयंपाकघरात ठेवलं, तीन आठवड्यांत निम्म्याला कोंब आले, खालचे सडले. खालच्या आजींनी मला हात धरून तळघरात नेलं आणि त्यांच्या लाकडी फळ्या दाखवल्या. त्यांच्या लहानपणी शरद ऋतूत थंडीभरासाठी बटाट्याची पोती तिथं उतरायची. आईच्या कोठीच्या खोलीत जसा पोत्यांचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतो, तसा तिथं बटाटे आणि सफरचंदांचा येत होता. आता आमचे कांदे, बटाटे, भोपळे आणि डाळींच्या बरण्या तिथंच असतात.

हे सगळं ऐकून आईने एकच विचारलं, "पोरांच्या दुधात, फळांत काय कमी करत न्हाईस न्हवं?" नाही केलं. दूध, अंडी, फळं, यांचा हिशेब मी बघतच नाही. धाकटीला शाळेतून येताना ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, हवं असतं, तेही मिळतं. जे कमी झालं ते फेकून देण्यातलं आणि आठवणीपोटी घेतलेल्या महागड्या पुड्यांमधलं.

बॅगेचंही तसंच. पहिल्यांदा जाताना दोन्ही बॅगा डाळी, पोहे आणि पिठांनी भरल्या होत्या. तूप नेता येत नाही, दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. या वेळी आईने शाळूचं पीठ करून द्यायची तयारी चालवली होती, मी नको म्हटलं. भाकरी आता इथं येऊनच खायची, चुलीसमोर बसून, पहिली थापली की लगेच. बॅगेत फक्त गुळाची एक ढेप, थोडे हुलगे आणि चटणी. हुलग्याचं माडगं थोरल्याला आवडायला लागलंय.

चटणीचं कांडप उद्या आहे. सकाळी सातचा नंबर मिळालाय. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची दोन दिवस गच्चीवर वाळली, आज दुपारभर आम्ही दोघींनी देठं काढली. खोबरं किसून झालं, कांदा उन्हात सुकतोय, आभाळ भरून आलं की आई दर थोड्या वेळानं जिन्यात जाऊन बघून येते. साडेचार किलो होईल म्हणते, त्यातली दोन किलो माझी. हात अजून झोंबतायत, तरी एवढं लिहून घेतलं.